त्याच्या तोंडचं मराठी

बाबा, तो येतोय, तुमचा तो रशियन नट. येत्या शनिवारी, लंडनमध्ये, आमच्या पिनरहून ट्यूबने तासाभरात पोचता येईल अशा एका जुन्या, छोट्या थिएटरात. आज सकाळी मी स्वतः फोन केला आणि बॉक्स ऑफिसवरच्या बाईंनी पक्कं सांगितलं: तो काल उतरलाय, त्याची मुलगी सोबत आहे, तब्येत ठीक आहे, प्रयोग होणार. मागच्या हिवाळ्यात जाहीर होऊन रद्द झाला होता, म्हणून मी तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारत राहिले. बातम्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर ही खोड जात नाही. शेवटी त्या बाई हसून म्हणाल्या, अहो, मी त्यांना माझ्या डोळ्यांनी खाली चहा पिताना पाहिलंय. यापेक्षा खात्रीचं सूत्र मला आजवर मिळालेलं नाही. फोन ठेवला आणि ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये, कोणी नाही असं बघून, एक गिरकी घेतली. या वयात.

तुम्हाला तो तरुणच आठवत असणार. पुण्यात रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये रशियन पिक्चर लागायचे तेव्हाचा. आठवडाभर तुम्ही कारखान्यात रशियन यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणायचात आणि रविवारी हॉलच्या मागच्या भिंतीशी टेबल टाकून माईकसमोर बसायचात. ऑपरेटर पिक्चरचा आवाज अगदी बारीक करायचा आणि वरून तुमचं मराठी सुरू व्हायचं. नायक तुम्ही, नायिका तुम्ही, तिची खाष्ट मावशी तुम्ही, फलाटावरचा हमालही तुम्हीच. सगळे एकाच आवाजात, एकाच पट्टीत, पडद्यावरच्या ओठांच्या किंचित मागून. शनिवारी संध्याकाळी संवादांचे टाइप केलेले कागद घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात सराव करायचात. आई ओट्याशी लसूण सोलतेय, तुम्ही पाटावर बसून नायिकेचं वाक्य म्हणताय, "मी जन्मभर तुझी वाट पाहीन," आणि ते असं की जणू पाण्याचा टँकर उशिरा येणार आहे. आई मागे न वळता म्हणते, "अहो, इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं तर कोणाला खरं वाटेल?" तुम्ही चष्मा पुसत म्हणता, रडणं-हसणं त्याचं काम आहे, ते त्याने करून ठेवलंय, मी नुसतं सांगायचं. "बरंय," आई म्हणते, "निदान या घरातल्या बाईला तरी तिचं स्वतःचं बोलता येतं."

त्याचा ट्रामवाल्याचा पिक्चर मला सगळ्यांत आवडायचा. आवडती मुलगी ट्राममध्ये बसली की हा पठ्ठ्या तिचा स्टॉप आला तरी थांबतच नाही, आणि मागचे सगळे उतारू बोंबलत राहतात. तो दुसऱ्यांदा लागला तेव्हा मी पहिल्या रांगेत होते आणि पुढचं ठाऊक असल्यामुळे प्रत्येक वेळी आधीच हसत होते. मला बघून शेजारचे हसले, त्यांना बघून मागचे, आणि पडद्यावर तो बिचारा नुसताच घंटेला हात घालत होता. स्कूटरवरून घरी आलो. दारात बूट काढताना म्हणालात, "त्याच्या आधी हसायचं नाही. जागा त्याची आहे." आवाज चढवला नव्हतात, पण मला तो पाठीत धपाटा बसल्यासारखा लागला.

आणि मग तो दुसरा पिक्चर. उत्तरेकडच्या बर्फात वर्षानुवर्षं काम करून तो घरी येतो. दार वाजवतो. त्याचीच मुलगी दार उघडते आणि विचारते, "काका, कोण हवंय तुम्हाला?" तो तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "माझं बहुतेक दार चुकलं." तुम्ही हे वाक्य घेतलंत आणि "बहुतेक"वर तुमचा आवाज फुटला. पडद्यावर त्याचा चेहरा अजून कोरडाच होता. सगळा हॉल पडद्याकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे बघायला लागला. तुम्ही ट्रेनिंगसाठी दोन वर्षं रशियात राहून परत आला होतात तेव्हा मी आईच्या मागे लपले होते म्हणे. मला ते आठवत नाही, आई सांगायची. त्या रविवारी घरी जाताना मी स्कूटरवर मागून म्हटलं, "बाबा, आज तुम्ही त्याच्या आधी रडलात." पुढच्या चौकात तुम्ही स्कूटर हळू केलीत. मग म्हणालात, "हो. आज चुकलं."

बाबा, तुमचा आवाज कुठेच टेप केलेला नाही. तेव्हा कोणाला सुचलं नाही. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे तो उरलाय तो फक्त या माणसाच्या तोंडात. त्याचे जुने पिक्चर आता फोनवर सापडतात, आणि ते मी आवाज बंद करून बघते. ओठ हलतात, आणि किंचित मागून तुम्ही येता. परवा माझ्या लेकीने पकडलं. ती इथेच जन्मली, आता युनिव्हर्सिटीत आहे, मराठी बोलते पण आपल्या पद्धतीने. म्हणाली, "आई, तू म्यूटवर का बघते?" मी सगळं सांगितलं. तिने विचार केला आणि नेमकं तेच विचारलं जे मी स्वतःला विचारायचं टाळत होते: "मग तो समोर बोलला तर आजोबाचा आवाज डिलीट होणार?"

मला माहीत नाही, असं मी म्हटलं, आणि ते खरं आहे. म्हणूनच तिकिटांच्या पानापर्यंत जाऊन मी तीनदा मागे फिरले होते. ती म्हणाली, नको जाऊ मग. लगेच म्हणाली, नाही, जा, तो किती ओल्ड आहे, पुन्हा कुठे येणार. आणि शेवटी, "मी पण येते. पण मला काही कळणार नाही. तू कानात सांग." मी म्हटलं, पडद्यावर इंग्रजी भाषांतर असेल. आज त्या बाईंनी सांगितलं, नाही, सगळा प्रेक्षकवर्ग रशियनच आहे, इंग्रजीची सोय नाही. मी तिथल्या तिथे दोन तिकिटं काढली, चौथ्या रांगेत, अगदी कडेची, म्हणजे कुजबुजीचा कोणाला त्रास नको.

कार्यक्रमही त्यांनी वाचून दाखवला. पहिल्या भागात तो स्वतःची गोष्ट सांगणार आहे. इंग्रजीत मिळेल तेवढं मी वाचून काढलंय, त्यामुळे त्याच्या आयुष्यातले मुक्काम मला ठाऊक आहेत. नदीकाठचं गाव, बाप मालाच्या होडीवर. नाट्यशाळेने दोनदा नाकारलं, मग त्या शाळेच्याच नाटक मंडळीत पडदे ओढायची नोकरी. एका संध्याकाळी मुख्य नट आजारी पडला आणि याला सगळं नाटक पाठ होतं. मग ट्राम, मग ते दार, मग रस्त्यावरून चालणंही मुश्कील व्हावं एवढी लोकप्रियता. पुढे देशच मोडला, पिक्चर बंद झाले, काही वर्षं त्याने टॅक्सी चालवली. लोक मागे बसून म्हणायचे, घंटा वाजवून दाखवा की. तिथून तो परत रंगभूमीवर गेला आणि म्हाताऱ्या राजांच्या भूमिका केल्या. ऐंशी उलटल्यावर आता मुलीकडे राहतो, आणि अजून प्रयोग करतो! आणि बाबा, दुसऱ्या भागात तो मोकळ्या रंगमंचावर जुन्या पिक्चरमधले दोन प्रसंग करणार आहे. ट्राम आणि दार.

ते दोन्ही मला तुमच्या शब्दांत पाठ आहेत. आज घरी आल्यापासून ओट्याशी उभी राहून म्हणतेय, आणि लेक आत येऊन म्हणाली, आई, तू इतकी बोअर आवाजात का बोलते. मला इतका आनंद झाला की भाजी करपली.

तर शनिवारी साडेसातला दिवे जातील. तो बोलेल, पहिल्यांदाच माझ्या कानांवर त्याचा स्वतःचा आवाज नीट पडेल, आणि किंचित मागून मला तोंड उघडावं लागेल. तुम्ही मला ऐकू यायचे थांबलात तरी तिला कुठून तरी ऐकू यायलाच हवं. हे मी कुठेही पाठवणार नाही, तेव्हा एवढं सांगून टाकते. मला रशियन येत नाही. लेकीला वाटतं तुमच्याकडून माझ्यात आपोआप आलं असेल, आणि मी तिला अजून काही बोललेले नाही. दुसरा भाग तुमच्या जोरावर निभेल, पण पहिल्या भागात तो काय म्हणतोय ते मला कळणार नाही. तुम्ही कधी एक शब्द पदरचा घातला नाहीत, बाबा. मी घालणार आहे.