गणपतीची रजा

सर,

मी तुमचा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, राहणार पेण, हल्ली रोह्याच्या एका मालवाहतूक कंपनीत मुख्य हिशेबनीस. नाव लिहीत नाही. उत्तरपत्रिकेवर नाव नसले तरी अक्षरावरून तुम्ही मला ओळखत होता. पत्राचा हेतू एकच. नव्या ड्रायव्हरकडून अनामत घेताना कंपनी जी अट घालते, ती कोणाच्या डोक्यातून निघाली हे मला आता कळले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षे झाली. तरीही हे तुमच्यापुढे मांडल्यावाचून मला राहवत नाही.

तो वर्ग मला अजून दिसतो. फळ्यावर ताळेबंद आहे, उदाहरणातल्या कंपनीने नोकरांकडून अनामत घेतली आहे आणि मी ती उत्पन्नात धरली आहे. तुम्ही माझी वही उचलता, चष्मा कपाळावर ढकलता आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणता, "दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या नफ्यात दाखवतोस? उभा राहा. अनामत म्हणजे काय?" मी म्हणतो, दायित्व. "आणि पैसे कुणाचे?" ठेवणाऱ्याचे, सर. "हे विसरलास तर हिशेब लिहू नकोस, दुसरं काहीही कर." तास संपल्यावर तुम्ही मला बोलावून एक गोल लाकडी रूळ हातात ठेवला होता, बेरजेखालची दुहेरी रेघ नुसत्या हाताने ओढायची नाही म्हणून. तो रूळ आजही माझ्या टेबलावर असतो. हिशेब संगणकावर गेले, रेघा ओढायचे काम उरले नाही, पण मी तो कधी खणात टाकला नाही.

माझे भावोजी, खांब गावी दिलेल्या माझ्या ताईचे यजमान, याच कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचे होते तेव्हा मी अजून पेणला एका दुकानाचे हिशेब लिहीत होतो. धाटावच्या कारखान्यांचा माल आणि हंगामात जोह्याच्या गणेशमूर्ती असे काम होते, पगार बरा होता. फक्त गाडीची चावी मिळण्याआधी अनामत भरावी लागे. ताईने पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारले, "परत मिळतील ना रे?" मी तिला तुमचे वाक्य ऐकवले. अनामत म्हणजे दायित्व, पैसे ठेवणाऱ्याचेच राहतात. शिवाय सर स्वतः त्या कंपनीचे सल्लागार आहेत. ताईला दायित्व हा शब्द कळला नसावा, पण सर हा शब्द तिला पुरेसा होता. पाटल्या मोडल्या. अट एवढीच होती की एक वर्ष सलग सेवा झाली की नोकरी सोडताना अनामत परत मिळेल. वर्ष म्हणजे काय मोठे? भावोजींनी त्या कंपनीत कितीतरी वर्षे गाडी चालवली.

दर भाद्रपदात कंपनीचे मालक थोरले शेठ सगळ्या ड्रायव्हरांना बोलावून, पेढ्यांचा पुडा हातात देऊन सांगत, "जावा रे घरी. गणपती आहेत." मागावी न लागणारी रजा देणारा मालक म्हणून त्यांचे नाव नागोठण्यापासून कोलाडपर्यंत झाले होते. एका चतुर्थीला तुम्हीही ताईच्या घरी दर्शनाला आला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट मांडून तुम्ही जेवायला बसला आहात, ताई वाफेवरचे मोदक वाढते आहे, तुम्ही पुरे म्हणता आणि पुन्हा ताट पुढे करता. भावोजी संकोचाने बाजूला उभे आहेत. त्यांच्याकडे पाहून तुम्ही म्हणता, "सणाला घरी आलास, बरं केलंस." ते वाक्य त्या घरात पुढे कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा सांगितले गेले.

भावोजींनी नोकरी सोडली तेव्हा अनामत परत मिळाली नाही. कार्यालयाने सांगितले की यांचे एकही वर्ष सलग नाही. दर गणपतीत रजा आहे, रजेने सेवा तुटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. मी पेणला तुमच्याकडे धावत आलो. तुम्ही गॅसवर पोह्याचा पापड भाजत होता. चिमट्याने तो नीट उलटवत, माझ्याकडे न पाहता म्हणालात, "वाईट वाटतं मला. पण सही करण्यापूर्वी अट वाचायची असते. लेखी ते लेखी." पापड माझ्या बशीत ठेवलात. मी तो खाल्ला, आणि तुमचे वाक्य जसेच्या तसे खांबला नेऊन पोचवले. पुढे तुमच्याच शब्दावर मला त्या कंपनीत जागा मिळाली. भावोजींनी मात्र त्या दिवसापासून चूक स्वतःच्या नावावर घेतली. आता त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे, वय झाले आहे, पण त्यानंतर एकाही चतुर्थीला ते घरात नव्हते. मूर्ती ताई बसवते, आरती शेजारी करतात. ते म्हणतात, "सनाला गाडी उभी ठेवायची नाय. येकदा शिकलो तेवढा बास."

या महिन्यात थोरल्या शेठांच्या मुलाने, धाकट्या शेठनी, मला केबिनमध्ये बोलावले. नवे ड्रायव्हर भरायचे आहेत. अनामत आता कंपनीच्या खात्यात न ठेवता बँकेत त्रयस्थ खात्यात, अट पुरी होईपर्यंत कोणालाच हात लावता येणार नाही अशी ठेवायची, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. "करार तुम्ही लिहा, काका. पैसे परत मिळायची अट तेवढी तीच ठेवा." मी म्हणालो, गणपतीची रजा कंपनी स्वतः देते, ती सेवेत धरली पाहिजे. ते हसू लागले. "अहो, मग अटीत उरलं काय? बाबा तर साधे होते, दोन वर्षं पैसे अडकवू म्हणत होते. तुमचेच सर म्हणाले, कशाला दोन? एकच लिहा, पण सलग लिहा. कोकणातला माणूस गणपतीला घरी गेल्याशिवाय राहायचा नाही. पेढे देऊन पाठवा, दुवा देईल. बाबा शेवटपर्यंत सांगायचे, काय डोकं होतं माणसाचं!"

मी कोरा कागद त्यांच्या टेबलावर तसाच ठेवून बाहेर आलो. करार दुसऱ्या कोणीतरी लिहिला असेल. टेबलापाशी येऊन मी तुमचा रूळ उचलला आणि हे समजून घेण्याचा प्रयत्न केला की पाटावर बसून "बरं केलंस" म्हणताना तुमच्या मनात नेमके काय होते. तुम्ही ते दयेने म्हणालात, की एक वर्ष आणखी तुटले या समाधानाने? सर, फसवणारा परका असता तर मला या उत्तराची गरज वाटली नसती. अनामत कुणाची हे तुम्ही मला उभे करून शिकवले होते. म्हणजे तुम्हाला ते माहीत होते.

आज सकाळी खांबला गेलो. भावोजी टेम्पो धूत होते. रात्री माल घेऊन मुंबईला निघायचे होते. मला पाहून ओरडले, "या बीकॉम! आज कुनाचा हिशोब चुकला?" आणि आत पाहून, "च्या टाक गो, साहेब आलेत." मी त्यांना ओट्यावर बसवले आणि सगळे क्रमाने सांगितले. रजा देणे हाच डाव होता. अट वाचली असती तरी कळले नसते, कारण रजा मालकच देत होता. त्यांनी हातातला ओला फडका पिळला. मग म्हणाले, "म्हंजे मी घरी आलो ती चूक नव्हती?"

"नव्हती, भावोजी."

"आनि ह्या कुनाच्या डोक्यातना निघाला?"

ताई चहा घेऊन दारात आली होती. तिने सारे ऐकले होते. "सर असते ना," ती म्हणाली, "तर त्या शेठला असा झापला असता! आपल्याकडं जेवून गेलेला मानूस तो."

मी चहाचा कप घेतला आणि म्हणालो, "शेठच्या. थोरल्या शेठच्या."

भावोजींनी फडका टेम्पोच्या आरशावर टाकला, फोन काढला आणि कोणालातरी सांगितले, "आज दुसरी गाडी बघा. मी नाय येत. उद्या गनपती हाय घरात." ताईने पदराने डोळे पुसले आणि लगेच नारळ किती लागतील ते मोजू लागली. मला म्हणाली, "उद्या जेवायला ये हां, सरांसारखा बसवते तुला उंबऱ्याशी."

मी येतो म्हणालो. भावोजींना खरे सांगायला गेलो होतो, आणि नेमके नावापाशी येऊन खोटे बोललो. ते ताईसाठी बोललो असे स्वतःला सांगून पाहिले. ते खरे नाही, सर. अजूनही तुमच्यासाठी बोललो.

पत्र पाकिटात घालणार नाही. लिहायला पत्ताच नाही.

आपला विद्यार्थी
पेण, हरतालिकेचा दिवस