मोरी तुंबली त्याची हकीकत

प्रिय हिल्डाताईस,

धाकट्या क्लेमचा नमस्कार. मोरकॅमच्या खाऱ्या वाऱ्याने तुझे गुडघे फार धरले नसतील, अशी आशा. मी ठणठणीत आहे, वेळच्या वेळी जेवतो. तेव्हा मला घेऊन जायला येऊ नकोस. आमची मोरी तुंबल्याचं तुझ्या कानावर आलंच असेल (या गावात मोरीची बातमी वर्तमानपत्राच्या आधी पोचते), म्हणून खरं काय ते मीच कळवतो.

माझी विनी देवाघरी गेल्यापासून गल्लीतल्या बायका मला उपाशी मरू द्यायला तयार नाहीत. रोज कुणाकडून तरी मटण-बटाट्याचं भांडं येतं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे: भरलेलं भांडं परत देणं म्हणजे करणारणीचा अपमान, आणि घासून रिकामं दिलं की 'आवडलं वाटतं' म्हणून पुन्हा भरून येतं. ताई, माझ्या घशाखाली घास उतरत नाही गं. समोर विनी नाही म्हटल्यावर ताटाकडे बघवत नाही. मग मी सगळं मोरीत ओतायचो, भांडं लख्ख घासायचो आणि तोंडभर तारीफ करायचो. (रॅमस्बॉटमबाईंना तर 'बोटं चाटत राहिलो' म्हणालो. देव क्षमा करो.) पण चरबी ती, गार झाली की घट्ट बसते. आमच्या ओळीतल्या सगळ्या मोऱ्या सांडपाण्याच्या एकाच नळाला, त्यामुळे शनिवारी सगळं वर आलं ते नेमकं रॅमस्बॉटमबाईंच्या परसात. बायका जमल्या. "ही गाजरं माझी, इतकी बारीक दुसरं कोण चिरतं?" एक म्हणाली. मग एकेक करून सगळ्या आपापल्या घरी गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नळात काठ्या घालत होतो आणि ऑर्मरॉड मास्तर (निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत) नाकाला रुमाल लावून मला 'अनक्लॉग' शब्द समजावत होते. क्लॉग म्हणजे म्हणे मुळात लाकडाचा ओंडका. ढोर भटकू नये म्हणून त्याला अडकवायचं लोढणं. पुढे लाकडी तळाच्या जोड्यांना तेच नाव पडलं (मी जन्मभर तेच जोडे बनवले, पण हे मला कुणी सांगितलं नाही), मग वाट अडवणाऱ्या कशालाही, मग नळात साचलेल्या घाणीलाही. ते काढायचं म्हणजे अनक्लॉग. त्याच्याही आधी हा शब्द आला कुठून, ते मास्तरांच्या जाड कोशालाही माहीत नाही. मी विचारलं, "मास्तर, लोढणं काढल्यावर ढोर जातं कुठं?" "वाट फुटेल तिकडे," ते म्हणाले. मी काठी हातात धरून तिथेच रडलो. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी कधी कुठे रेंगाळलो नाही, विनी वाट बघत असायची. आता कुठेही जायला मोकळा आहे, आणि मला कुठेच जायचं नाही. तेवढ्यात नळ मोकळा झाला आणि सगळं मास्तरांच्या बुटांवरून वाहून गेलं.

तुझा,
क्लेम

ता. क. आता भांडी येत नाहीत. रॅमस्बॉटमबाई दुपारी ताट आणि स्वतःचं स्टूल घेऊन येतात आणि ताट संपेपर्यंत हलत नाहीत. चार घास जातात.

आणखी ता. क. संध्याकाळी त्यांना त्यांचं घर असतं. वेळच्या वेळी जेवतो म्हणून वर लिहिलंय, ते खोटं. तू ये. मला न्यायला नको, राहायला ये. रांधून काही आणू नकोस. विनीच्या खुर्चीत मी कुणाला बसू देत नाही. तू बस.