पन्नास नंबरचा पत्ता

६ जानेवारी, वेस्ट मांबलम, चेन्नई
घर मिळालं एकदाचं! स्टेशनपासून सात मिनिटं, दुसरा मजला, भरपूर उजेड. खाली राहणाऱ्या मालकीणबाई अन्नपूर्णाबाई तंजावरच्या मराठी. त्यांचं निम्मं बोलणं तमिळच, पण मी आल्या आल्या रसम पाठवलं. संध्याकाळी इंटरनेट जोडलं. लिनक्सचा कॉम्प्युटर टेबलावर मांडला. सोलापूरला आईला फोन करायचा आजही राहिला.

८ जानेवारी
राउटर कॉम्प्युटरला दर वेळी वेगळा पत्ता देतो, त्यामुळे ऑफिसातून घरच्या फाइल्स उघडता येत नाहीत. आज नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘मॅन्युअल’ केलं. 192.168.1.50 हा पत्ता घातला, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता दिला, डीएनएस भरला. चाललं! आता हा पत्ता कायमचा माझा.

११ जानेवारी
नेट सारखं तुटतंय. कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत लिहिलंय, याच पत्त्यावर दुसरं यंत्र आहे. मी कॉम्प्युटरची वायर काढली आणि लॅपटॉपवरून पन्नासला पिंग केलं, म्हणजे तिथे कुणी आहे का ते विचारलं. उत्तर आलं. वाय-फायचा पासवर्ड बदलला. तरी उत्तर आलं. राउटरच्या यादीत पन्नाससमोर नाव आहे: कौमुदी. माझंच.

१४ जानेवारी
लॉगिनची यादी काढली. रोज दुपारी तीनला कुणीतरी माझ्या पासवर्डने शिरतंय, तेही बाहेरून नाही, टेबलावरच्या कीबोर्डवरून. त्या वेळी मी ऑफिसात असते. वर कोण येतं, असं अन्नपूर्णाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कुणी नाही, तूच येतेस जेवायला.
कुलूप बदललं.

१६ जानेवारी
आईला फोन केला. ती खुशीत होती. म्हणाली, रोज तीनला व्हिडिओवर बोलतेस, चेन्नईला जाऊन किती मायाळू झालीस. मी तिला सांगितलं, "आई, तीनला बोलते ती मी नाही."
ती म्हणाली, "मग तू कोण?"

१७ जानेवारी
पत्ता साठ केला. साठवरही ती. परत ऑटोमॅटिक — तरी ती. शेवटी कॉम्प्युटरची वीजच काढली, राउटर कपाटात टाकला. आईला विचारलं. आजही तीनला बोललो की, म्हणाली.

१९ जानेवारी
आई उद्या येतेय. मी बोलावलं म्हणे. नको येऊस म्हटलं, तर गाडीत बसलेही, म्हणाली. मग फोन लागेना.

२० जानेवारी
चेन्नई सेंट्रलवर गाडी वेळेत आली. अख्खा फलाट पालथा घातला. आई नाही. फोन लागला. म्हणाली, वेडी आहेस का, तूच तर घ्यायला आलीस, आता घरी चहा पितोय —

जिन्यात बसून लिहितेय. दुपारचे तीन. किल्ली लागत नाही. आत आई हसतेय. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नाही.

बेल वाजवली. साखळी लावून आईने दार उघडलं. माझ्याकडे नीट पाहिलं.
"कोण पाहिजे?"
नाव सांगितलं. ती आत वळून म्हणाली, "कौमुदी, ही बाई तुझं नाव सांगतेय गं."
आतून माझ्या आवाजात उत्तर आलं, तिला येऊ दे आत —
आई साखळी काढतेय. तिच्यामागे कुणीतरी —
माझ्यासारखी नाही. ती तर मीच आहे.