घाण्याखालची चार नावं

मरहेश्वान महिना, दिवस दुसरा

पोचलो एकदाचा. गालीलहून सहा दिवसांची वाट. शेवटच्या चढणीवर गाढवाने असा ठिय्या मांडला की सामान मीच पाठीवर घेतलं आणि ते मोकळं मागून डुलत आलं. बेथ-लूझच्या बायका वेशीवर उभ्या राहून हसत होत्या. न्यायसभेचा लेखनिक म्हणजे कुणी पांढऱ्या दाढीचा म्हातारा येईल असं त्यांना वाटलं होतं, आणि समोर आला मी, धुळीने माखलेला, खांद्यावर खोगीर.

गावप्रमुख जबदाई एका पायाने लंगडा आहे. मातीची भांडी घडवतो आणि बोलण्यात कुणाला ऐकत नाही. त्याने मला तेलाच्या घाण्याला लागूनची खोली दिली. भिंतीत कोनाडा, खिडकीबाहेर बदामाचं झाड, सगळीकडे जुन्या तेलाचा वास. जेवायला मसूर, भाकर आणि घरच्या उखळात कुटून काढलेलं यंदाचं पहिलं तेल. नवं तेल घशाला जरा झोंबतं, त्यातच गोडी.

रोमी लोकांविरुद्धचं बंड मोडून दोन वर्षं झाली. ज्यांचं मरण कुणी पाहिलं त्यांच्या बायका विधवा झाल्या. ज्यांचं कुणीच पाहिलं नाही त्यांच्या बायका ना सवाष्ण ना विधवा. त्यांना पुन्हा लग्न करता येत नाही. साक्ष मिळवायची आणि सुटकेचा कागद लिहून द्यायचा, हे माझं काम. आजवर शेतांच्या हद्दी लिहीत आलो. ज्याने कुणाचं आयुष्य पुन्हा सुरू होईल असं काम पहिल्यांदाच हाती आलंय. घरी गेल्यावर बायकोला, तबिताला, सगळं सांगेन. तिला मी नुसता रेघा ओढणारा वाटतो.

दिवस चौथा

सात बायकांचे कागद झाले. कुणाच्या दिराने मरण पाहिलं होतं, कुणाच्या शेजारणीने. एक साक्षीदार पुरतो, ती बाई असली तरी चालते. माझे गुरू तर सांगत, डोंगरावरून नुसता आवाज आला, 'अमका मेला', आणि वर जाऊन पाहिलं तर कुणी नाही, तरी तो आवाज साक्ष म्हणून धरावा. विधवेला अडकवून ठेवू नये.

चौघीजणी उरल्या आहेत. त्यांच्या नवऱ्यांचं कोडं जबदाईने सांगितलं, तेही मान वळवून. गावाखाली भुयारं आहेत. बंडात सगळ्याच गावांनी खणली. धान्याची कोठारं, पाण्याचं टाकं, सगळं आत. सैनिक आले त्या दिवशी हे चौघे घाण्याच्या खोलीतल्या तोंडातून खाली उतरले आणि वरची शिळा जबदाईनेच सरकवली. सैनिकांनी शिळेच्या कडा चुन्याने लिंपल्या आणि गाव हाकलून दिलं. जो हे तोंड उघडेल त्याचं गाव जाळू, असा हुकूम आहे. लोक परतले ते यंदाच, ऑलिव्ह तोडायला. खाली दरीकडे दुसरी वाट होती म्हणे. चौघे तिकडून निसटले की आतच राहिले, कुणाला ठाऊक नाही.

चौघींपैकी शलोमित सगळ्यांत लहान, तेवीस वर्षांची. तिच्या नवऱ्याने, मत्तनने, तिला अक्षरं शिकवली होती. माझ्या लिहायच्या पाट्यांवर मेण ती इतकं गुळगुळीत फिरवते की मलाही जमत नाही.

दिवस सहावा

आज दुपारी बायका धावत आल्या. घाणा कालच सुरू झाला आहे. दगड थांबवून त्या भाकर खायला बसल्या असता खालून आवाज आला. मी गेलो, शिळेला कान लावला. पुन्हा आला. लांबून, दगडातून गाळून आल्यासारखा, पण शब्द स्वच्छ:

"तोबियाचा मुलगा हूर मेला आहे."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. हूरच्या बायकोने तिथेच, शोकाच्या रिवाजाप्रमाणे, अंगावरचं वस्त्र गळ्यापाशी फाडलं. सगळ्या रडल्या. मी चाचरत जबदाईला म्हणालो की बोलणाऱ्याला सावली आहे का, हे बघायचा नियम आहे. भुताला सावली नसते.

"अंधारात कुणाची सावली पडते, लेखनिकबुवा? लिहा आणि मोकळी करा तिला," तो म्हणाला.

लिहिलं. खाली धान्य होतं, पाणी होतं, मग कुणी जगला असेल का, हेही मी विचारलं. जबदाई म्हणाला, दोन वर्षं, चुन्याखाली? आणि जगला असता तर तो 'मेला' म्हणून का ओरडला असता? 

दिवस नववा

परवा दुपारी मल्लूकचा मुलगा अख्बोर. काल शब्बाथ, विसाव्याचा वार, घाणा बंद, आवाजही नाही. आज सिमईचा मुलगा पेलेत. तीन नावं, तीन कागद. गावात लोक मला वाटेत थांबवून हात हातात घेतात. पेलेतच्या बायकोने डाळिंबं आणून ठेवली. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो.

शलोमित मात्र पाट्या आवरताना म्हणाली की तो आवाज मत्तनचा आहे. तिन्ही वेळा त्याचाच होता. त्याला 'ल' नीट म्हणता येत नाही.

मी तिला समजावलं की दगडातून कुणाचाही आवाज तसाच येईल. ती पाटीवर मेण फिरवत राहिली. तिघींना सोडवणारा आवाज हिला बांधून ठेवतो आहे. बोलतोय तोवर तो जिवंत.

दिवस तेरावा

चार दिवस आवाज नाही. शलोमित रोज दुपारी शिळेवर बसते, हाक मारते. खालून काही नाही. लोदचा एक विणकर आहे, सज्जन, बायको वारलेली. तो हिला मागणी घालून गेला आहे. उद्या त्याचा तांडा दक्षिणेला निघतो. आज ती माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"मला मेलेला नवरा द्या, नाहीतर जिवंत द्या. हा असला मी किती दिवस सांभाळू?"

कुणी सुचवलं नव्हतं. तिने तर नाहीच. मीच म्हणालो की आज पहाटे, ती यायच्या आधी, मी आवाज ऐकला: इद्दोचा मुलगा मत्तन मेला आहे. तिने विचारलं, तुम्ही स्वतः ऐकलंत? मी हो म्हणालो. सूर्य डोक्यावर असताना कागद लिहिला आणि सही केली. तिने वस्त्र फाडलं नाही. घडी घालून कागद हातात धरून बसली.

चार दिवस मुका झालेला माणूस मेलेलाच असणार. मी फक्त त्याचं तोंड झालो. यात पाप काय?

तोच दिवस, दिवेलागण

खोलीच्या जमिनीखाली कुणीतरी खोकलं. दमेकऱ्यासारखं, खूप वेळ. मग थांबलं.

भुतं खोकत नाहीत.

दिवस चौदावा

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी शलोमितला खरं सांगितलं. ती मला शिवी देईल असं वाटलं होतं. ती पहार घेऊन आली.

जबदाई आडवा आला. गाव जळेल म्हणाला. शेवटी अट घातली: सैनिक दिसले तर शिळा सरकवून वर ताजा चुना फासेन, आत कुणीही असो, ते गेले की उघडेन. मी मान्य केलं. खोटी साक्ष माझी होती. उतरायचंही मलाच. पाटी, लेखणी आणि पहार सोबत घेतली. जे दिसेल ते तिथेच लिहीन, या वेळी खरं.

आत

कोपरांवर सरपटत आलो. मग एक दालन. दिवा जळतोय — त्यांचा दिवा. आमच्या घाण्यातून फटींतून झिरपलेल्या नव्या तेलावर.

तिघे ओळीने निजवलेले, तोंडावर कापड. दोन वर्षांपूर्वीचे नाहीत. या आठवड्यातले.

चौथा दिव्याशी बसलेला. गुडघ्यात मान. हात अजून मऊ आहे. काखेत ऊब आहे.

कोठारात अजून जव आहे. टाक्यात पाणी आहे. दरीकडची वाट ढासळून बुजली आहे.

भिंतीवर कोळशाने लिहिलंय. उतरवून घेतो:

'वर बायकांचे आवाज. गाव परत आलं. मी ओरडलो: तोबियाचा मुलगा हूर जिवंत आहे. वर रडायला लागल्या. आनंदाने असेल. हूर संध्याकाळी गेला, बसल्या बसल्या.'

'ओरडलो: अख्बोर जिवंत आहे. वर पुन्हा रडणं. संध्याकाळी अख्बोर.'

'पेलेतने हट्ट धरला. म्हणाला, बायकोला कळू दे मी जिवंत आहे. ओरडलो. पेलेत.'

'आता ओरडणार नाही. शलोमित वर हाका मारते. मी तोंडात कापड कोंबून बसतो.'

शेवटची ओळ वाकडी आहे:

'आज मी काही बोललो नाही. तरी छाती का —'

मी लिहिलं म्हणून. दुपारी, सही करून.

तो 'जिवंत' म्हणत होता. वर 'मेला' पोचत होतं. आणि मी लिहीत होतो.

शलोमितला सांगायला वळलो तर तोंडाकडचा उजेड गेला. शिळा. वर घोड्यांच्या टापा.

आत, नंतर

सैनिक गेले नाहीत. घाण्याच्या खोलीतच उतरलेत. हसणं ऐकू येतं. शब्बाथ असावा. लिहू नये. लिहितोय.

जबदाई शब्दाचा पक्का आहे. उघडेल.

मत्तनला तिघांच्या शेजारी निजवलं. डोळे मिटवले. पुन्हा उघडतात.

आत, किती दिवस

टापा गेल्या. पायांचे आवाज — बायकांचे. दगड फिरतोय. तेल टपकतंय.

का उघडत नाहीत?

ओरडायचं नाही. ओरडायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पहार मारतो शिळेवर, नुसती, शब्दाशिवाय —

वर कुणीतरी म्हणालं, ऐका, खाली ठोकतायत. जबदाई म्हणाला, तो लेखनिकच कशावरून? तिथे आणखीही आहेत. शलोमित म्हणाली, तुम्हीच आहात ना? नाव सांगा. नाव सांगितलंत तर आम्ही आत्ता चुना फोडतो.

नाव नको विचारूस, पोरी.

तिने पुन्हा विचारलं. जबदाई म्हणाला, हा बोलत नाही म्हणजे माणूस नव्हे, चला इथून. त्यांचे पाय निघाले — दूर —

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी नित्तई. हाग्गीचा मुलगा नित्तई, जिवंत आहे, जिवंत आहे —

वर पाय थांबले.

मग एक बाई रडली. मग सगळ्या.

जबदाईचा आवाज, जड, मायेचा. म्हणाला की स्वतःच्या कानांनी ऐकलंत सगळ्यांनी. गालीलला बायको आहे त्याची, वाट बघत असेल. तिला अडकवून ठेवायचं नाही. लेखणी घे, शलोमित. तुला अक्षरं येतात.

शलोमित, नको. नको लिहू. मी —

मेणावर लेखणी ऐकू येते. एवढ्या खाली कशी —

ती माझं नाव लिहितेय. नि — मग