बरणीला लावलेला कान

रोटोटुना, हॅमिल्टन
६ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

आधी चारुदत्तसाठी दोन ओळी. चारुदत्ता, तुझ्या औषधाच्या दुकानातल्या प्रिंटरवर हे पत्र छाप, बाबांना नेऊन दे, आणि मधल्या वाटेवर वाचू नकोस. वाचलंसच तर निदान आळीत सांगू नकोस.

बाबा, तुम्हाला फोनवर काही ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही खणात घालून ठेवलंय, म्हणून हा पत्रांचा खटाटोप. पण मला बरं वाटतं. फोनवर आपण दोघं नुसतं हॅलो हॅलो ओरडत होतो.

बातमी अशी की तुमचा जावई यतीन पंचेचाळीस वर्षांचा झाला आणि त्याच्या ऑफिसातल्या मंडळींनी त्याला घरी बिअर करायचा संच भेट दिला. झाकणाची मोठी बादली, तिला खाली तोटी, वर बुडबुडे सोडणारी वाकडी नळी, पाकाचा डबा, यीस्टची पुडी, प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक माहितीपत्रक. शिवाय गोडी किती उरली ते मोजायची काचेची नळी होती, ती यतीनने पाचव्या मिनिटाला फरशीवर पाडली. मग हिरमुसून रग्बी बघत बसला. आठवडाभर तो पसारा जेवणाच्या टेबलावर. शेवटी माझेच हात शिवशिवले. दिवसभर ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या कारखान्यात दुधाच्या पावडरीतले जंतू मोजते, मला काय एक बादली धुता येत नाही?

काल पाकाचा डबा उघडला. काळसर, दाट, काकवीसारखा. गरम पाण्यात ओतला आणि जो वास आला ना बाबा! जुन्नरची आपली औषधाची खोली. आई मनुकांचा काढा आटवतेय, त्यात गूळ पडलाय, धायटीची फुलं सुपात वाळतायत. मी ओट्याशी उभी राहून रडले. बिअरचा डबा उघडून रडणारी या देशातली पहिली बाई मीच असेन.

आठवतं का, आई रोज दुपारी ती कंबरेएवढी बरणी ओल्या फडक्याने पुसायची, आणि संध्याकाळी तुम्ही तिला कान लावून जाहीर करायचात की द्राक्षारिष्ट अजून बोलतंय, आठ दिवस थांबा. बाहेर बाकावर बसलेले रोगी माना डोलवायचे. मोरेश्वर वैद्यांचा कान म्हणजे काय!

इथे सकाळी गवतावर पांढरं दव गोठतं. बादली गॅरेजमध्ये आहे, तिला थंडी वाजू नये म्हणून आईची गोधडी गुंडाळलीय. रागावू नका. रागावलात तर सविस्तर रागवा, पत्र तरी मोठं येईल.

तुमची नात सिद्धी मजेत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. लोभ इतक्या लांबूनही पोचतो, तो पाठवत राहावा.

आपली,
सुरुची

---

जुन्नर
९ जुलै २०२५

चि. सौ. सुरुची हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

चारुदत्तने पत्र वाचलं. आळीनेही वाचलं. काल दोन जुने रोगी मुतखड्यावर तुझी बिअर चालेल का, म्हणून विचारून गेले. त्यांना जवाचं पाणी प्यायला सांगितलं. आज मी लिहिलेल्या कागदाचा फोटो काढतानाही चारुदत्त गालात हसणार आहे, हसू दे.

पाच पिढ्या वैद्यकीच्या घरात अरिष्टं झाली ती औषधं म्हणून, चमच्याने मोजून. तू बादलीने करतेस! शिकवायला लागलो तेव्हा तुला सूक्ष्मजीवशास्त्र हवं होतं, न्यूझीलंड हवं होतं. आता तिथे जाऊन तेच करते आहेस, तेही माझ्या बायकोच्या गोधडीत. चांगलं आहे.

तरी विचारलं नाहीस म्हणून सांगतो. थंडीत काम मंद चालतं. भांड्याला तारीख वार कळत नाही. तुझं ते पत्रक काय म्हणायचं ते म्हणो, बोलणं थांबल्याशिवाय बाटलीचं नाव काढू नकोस.

बरणीचा विषय काढलासच, तर एक कळवतो. धरणाच्या बाजूला एकाने रिसॉर्ट काढलंय, त्याला ती दारात ठेवायला हवी आहे, बांबू लावणार म्हणे. मी हो म्हटलंय. दसऱ्याला न्यायला येतो. तुझ्या आईला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून रिकामी आहे. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. यापुढे भरणं होणार नाही. खोलीत येता-जाता ती दिसते, ते मला नको झालंय.

यतीनला सांग, काचेच्या वस्तूंपासून दूर राहा. कळावे. आशीर्वाद नेहमीचेच, ते कमी होत नाहीत.

मोरेश्वर

---

रोटोटुना
१९ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. बाटल्या फुटल्या.

झालं असं. गेल्या शनिवारी सात दिवस भरले. पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सातव्या दिवशी बाटल्या भरा. तुमचं वाक्य डोक्यात होतं म्हणून मी गॅरेजमध्ये गोधडी बाजूला केली आणि बादलीला कान लावला. आत स्पष्ट चुरचुरत होतं, पोहे फोडणीत पडल्यावर चुरचुरतात तसं, पण लांबून. मला ऐकू आलं बाबा, आणि तरी मी छापील कागदावर विश्वास ठेवला. पंधरा वर्षं लॅबमध्ये काढली की माणूस स्वतःच्या कानापेक्षा कागदाला जास्त मानायला लागतो.

त्यात दुसरा शहाणपणा. संचातल्या प्लास्टिकच्या बाटल्या मला कशाशा वाटल्या. आपल्या घरची खोड, चांगली काचेची बाटली टाकायची नाही. सॉसच्या, ज्यूसच्या अशा अकरा जमवलेल्या होत्या. त्या घासूनपुसून भरल्या, तुमच्यासारख्या चिठ्ठ्या लिहून डकवल्या, आणि ऊब मिळावी म्हणून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवल्या. तिथेच सिद्धीचे शाळेचे कपडे वाळत असतात.

गुरुवारी जेवायला बसलो आणि कपाटात लवंगी माळ लागली. एकापाठोपाठ चार. यतीन टेबलाखाली. कुणाला काही लागलं नाही, दार बंद होतं. उरलेल्या सात यतीनने जाड जाकीट आणि पोहण्याचा चष्मा घालून बाहेर नेल्या. सिद्धीचा स्वेटर दोनदा धुतला, तरी शुक्रवारी तिच्या बाईंची ईमेल आली, अत्यंत सभ्य भाषेत, घरी सगळं ठीक आहे ना. मी मेले लाजेने.

आता मस्करी पुरे. बरणी देऊ नका. तुम्ही भरा असं मी म्हणत नाही. पण तिच्यात बांबू? पर्यटक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढणार? आईचा हात रोज फिरलाय तिच्यावर. वय झालं हे कारण मला पटत नाही, अजून सकाळी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता तुम्ही. खरं कारण सांगा. ते सांगितलंत तर मी एका शब्दाने वाद घालणार नाही, बरणी जाऊ दे म्हणेन.

रागात लिहिलंय, पण लोभाला त्याची झळ लागू देऊ नये.

आपली,
सुरुची

---

जुन्नर
२३ जुलै २०२५

चि. सुरुचीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाकिटातून, पोस्टाने पाठवतो आहे. चारुदत्तच्या हाती द्यायचं नाही म्हणून. उशिरा पोचेल, पोचू दे.

खरं कारण विचारलंस. मला बरणीतलं कधीच ऐकू येत नव्हतं.

नऊ वर्षांचा असताना गालगुंड झालं, त्यात उजवा कान गेला. डावाही अधू झाला. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, तेवढ्यावर निभावलं. तुझ्या आजोबांनी पहिल्यांदा बरणीला कान लावायला सांगितला, काय ऐकू येतं विचारलं. मी बोलतंय म्हणून ठोकून दिलं. वैद्याचा मुलगा, नाही कसं म्हणणार? आजोबा गेल्यावर दोन वर्षं माझ्या हाताखालची प्रत्येक बरणी बिघडली. काडी पेटवून तोंडाशी धरायची, विझली तर काम चालू आहे, ही परीक्षा मला येत होती. पण त्यासाठी झाकणाची कपडमाती, ते मातीत भिजवलेल्या फडक्याचं लिंपण, फोडावी लागते, आणि पुन्हा पुन्हा उघडलेली बरणी नासते. कान हवाच.

मग विमल या घरात आली. तीन महिन्यांत तिच्या लक्षात आलं. दुपारी रोगी नसताना फडकं घेऊन बरणी पुसायला लागली. तू पाहिलंस ते पुसणं नव्हतं, ती ऐकत होती. चारच्या चहाला मला सांगायची, बोलतंय, किंवा निजलं. संध्याकाळी मी कान लावायचा आणि तिचं वाक्य चारचौघांत म्हणायचं. एक्केचाळीस वर्षं. पंचक्रोशीत नाव झालं ते माझ्या कानाचं.

ती असताना एकदाही मी कुणाला खरं सांगितलं नाही. ती हसायची, म्हणायची की एका घरात दोन कान कशाला मोजायचे. तिने कधी मागितलं नाही म्हणून मी कधी दिलं नाही. याची मला लाज वाटते, सुरुची. बरणी दिसली की ती लाज दिसते. म्हणून ती जाऊ दे. भरायला माझे हात आहेत, पण ऐकणार कोण?

तुझ्या पत्रात सातव्या दिवशी तुला ऐकू आलं असं आहे. ते वाक्य मी तीनदा वाचलं. आणखी काय लिहू.

तुझा बाप,
मोरेश्वर

---

रोटोटुना
२४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हेही पाकिटातून.

तुमचं पत्र गाडीतच वाचलं आणि कारखान्याच्या पार्किंगमध्ये अर्धा तास रडले. मग दिवसभर तुमच्यावर चिडले. आईचं नाव घ्यायला तुम्हाला तीन वर्षं आणि एक पाकीट लागलं! मग घरी येऊन तिची गोधडी पोटाशी धरून बसले, आणि राग कुठल्या कुठे गेला. आईला ठाऊक होतं तुम्ही कसे आहात. तरी चाळीस वर्षं चहा देत राहिली.

वाद घालणार नाही असा शब्द दिला होता. तो मोडते.

दुसरी बादली लावली. या वेळी पत्रक कपाटात टाकलं. रोज कामावरून आले की कोट न काढता आधी बादलीला कान. सिद्धीला गंमत वाटली, तीही जँडल्स, इथल्या रबरी सपाता, फटफटवत मागे यायची आणि दुसऱ्या बाजूने कान लावायची. बादलीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती, मध्ये आईची गोधडी. नवव्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नाही. निजलं, असं मी म्हणाले. तिने मान हलवली आणि म्हणाली की नाही आई, अजून बोलतंय. मराठीत म्हणाली, बाबा! जन्मल्यापासून हीप्स ऑफ, म्हणजे ढीगभर, इंग्लिश ऐकवणारी मुलगी. मी पुन्हा कान लावला, श्वास रोखला, तेव्हा कुठे बारीकसं आलं. बाराव्या दिवशी तिने सांगितलं की निजलं. मग प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या. एकही फुटली नाही.

काल मित्रमंडळी आली होती. बिअर सगळ्यांना आवडली. यतीन छाती पुढे काढून आपण कशी केली ते सांगायला लागला. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. काल नाही सोडलं. सगळ्यांसमोर सांगितलं की ही बिअर सिद्धीच्या कानावर झालीय. यतीन बिचारा ओशाळला, पण त्यानेच मग टाळ्या वाजवल्या.

ऐकणार कोण, हे तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर लिहिलं. शाळेला सुट्टी लागली की आम्ही निघतो, २६ डिसेंबरला जुन्नरला पोचतो, तिकिटं काढली. दसऱ्याला काय करायचं ते तुमच्यावर सोपवते. मात्र लाज घालवायला बरणी घालवायची गरज नाही, बाबा. आळीत एक वाक्य बोललात तरी पुरे.

लोभ आईच्या वाटचाही तुमच्याकडेच साठला आहे, तो जपून ठेवावा.

आपली,
सुरुची

---

जुन्नर
३० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुरुची हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तीन महिने उत्तर दिलं नाही. एक वाक्य बोलायला धीर होत नव्हता.

हे पत्र चारुदत्तकडून पाठवतो आहे. त्याने ते वाचावं, दुकानात उभं राहून मोठ्याने वाचावं, आणि आळीत ज्याला त्याला सांगावं अशी माझी इच्छा आहे. मोरेश्वर वैद्याला बरणीतलं कधी ऐकू आलं नाही. एक्केचाळीस वर्षं या घरातलं प्रत्येक अरिष्ट विमलच्या कानावर झालं. चारुदत्ता, झालं का वाचून? पुन्हा एकदा वाच.

दसऱ्याला रिसॉर्टवाला टेम्पो घेऊन आला होता. त्याला लोणच्याच्या दोन बरण्या दिल्या, खूश होऊन गेला.

आज सकाळी मोठी बरणी धुऊन, धुरी देऊन भरली. मनुका, गूळ, धायटीची फुलं, सगळं तुझ्या आजोबांच्या मापाने. झाकणाला कपडमाती केली आणि भोवती विमलची दुसरी गोधडी गुंडाळली. थंडीत महिना तरी घेईल. रोज दुपारी मी फडक्याने पुसणार, कान लावणार नाही.

कधी उघडायची ते या वेळी मी जाहीर करणार नाही. विमलची नात आली की तिला विचारू. बाहेरच्या बाकावर सगळे बसलेले असतील. तिने कान लावायचा आणि तिनेच सांगायचं.

चहा मी करतो. वाट पाहतो आहे.

मोरेश्वर