कालवे पाहायला आलेला पंतप्रधान

बाबा, आज रविवार आहे. इकडे परदेशात, प्लेनो शहरात सकाळपासूनच ऊन तापलंय, मागच्या अंगणात स्प्रिंकलर फिरतोय आणि त्याच्या आवाजात मला तुमचं पाटबंधाऱ्याचं ऑफिस दिसतंय. मी आठवीत आहे. टेबलावर कालव्याचा नकाशा पसरून तुम्ही सांगताय, की इंग्रजांच्या काळात ऑस्ट्रेलियातला एक तरुण वकील आपले कालवे पाहायला बोटीने इथवर आला होता. त्यांच्याकडे दुष्काळ पडायचा, पाणी कसं वळवायचं ते त्याला शिकायचं होतं. पुढे तिथल्या वसाहती एकत्र आल्या आणि तोच त्या नव्या देशाचा दुसरा पंतप्रधान झाला, आणि एकदा नाही, तीनदा. तो बोलायला उभा राहिला की सभा गप्प व्हायची. बाहेर पाटाचं पाणी संथ चाललंय, आणि मला वाटतंय तो माणूस अजून काठाकाठाने हिंडत असेल.

निवृत्तीनंतर तुम्ही त्याचं चरित्र लिहायला घेतलंत. दर रविवारी फोनवर तोच विषय. मी तेव्हा इथे नवीन होते, व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं, अर्धं सामान खोक्यांतच होतं. गोरे नसलेल्यांना देशात येऊ न देणारा कायदा करण्यात त्याचाच पुढाकार होता, असं मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. तुम्ही त्याच्या भाषणांबद्दल रंगून बोलत होतात. मी मध्येच म्हणाले, "बाबा, आपल्यासारख्यांना दाराबाहेर ठेवणाऱ्याचं चरित्र कशाला लिहिताय?"  तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस का?" त्यानंतर तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही विचारलं नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. आईने तुमची वही माझ्या बॅगेत घातली. ती चौदा वर्षं इथल्या क्लोझेटमध्ये वरच्या फळीवर पडून होती.

गेल्या महिन्यात लेकीने ती खाली काढली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मला वाचून दाखवायला सांगितलं. किचनमध्ये बसून आम्ही दोघी रोज थोडं थोडं वाचत होतो. चौथ्या प्रकरणाशी मी थांबले. तो कायदा तिथे होता, तुमच्या ठसठशीत अक्षरात. परकी भाषा मुद्दाम निवडून आलेल्या माणसाला पन्नास शब्द ऐकून लिहायला सांगायचे आणि चुकला की परत पाठवायचं, हे सगळं होतं. खाली तुम्ही लिहिलं होतं, "ज्यांच्या देशात तो पाणी शिकला, त्यांनाच त्याने दार लावलं. त्याचं मोठेपण सांगताना हे वगळणं मला जमणार नाही." प्रकरणाच्या शेवटी घातलेली तारीख माझ्या त्या फोनच्या आधीच्या वर्षाची होती.

लेक म्हणाली, "व्हाय डिडन्ट ही जस्ट टेल यू?" मी पान उलटलं.

आता एकच प्रकरण राहिलंय. त्यात त्याची स्मृती जाणार, शब्दांवर जगलेला माणूस एकेक शब्द विसरत जाणार, एवढं मला माहीत आहे. लेक रोज विचारते आणि मी ऑफिसच्या कामाचं कारण सांगते. काम काही नाही, बाबा. ती पानं संपली की तुमच्याकडून नवीन ऐकण्यासारखं काही उरणार नाही, म्हणून मी वाचत नाही. हे तिला अजून सांगितलेलं नाही.