थ्रमची मूठ

१४ ऑक्टोबर १९७८

दुलुथहून पाकीट आलं. आमच्या राक्षसाच्या, थ्रमच्या, कॉमिकच्या नव्या अंकाची पानं. एमेट तिकडे पेन्सिलने काढतो, मी इकडे पॅटरसनमध्ये बसून त्यावर शाई चढवते. आठ वर्षं हेच चाललंय आणि आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही! दर रविवारी फोन मात्र करतो. आठवड्यातलं माझं खरं बोलणं तेवढंच. बाकी किराणावाला आणि मांजर.

रेषा थरथरतायत. गेली दोन वर्षं थोडी थरथर आहेच, पण आता थ्रमचा जबडासुद्धा धड नाही. म्हातारपण, दुसरं काय. गिलच्या लक्षात आलं तर तो एमेटला काढून टाकेल. संपादक माणूस, त्याला कसली दयामाया. मी मुकाट्याने सगळ्या रेषा सरळ करून टाकल्या.

१५ ऑक्टोबर

रविवार. एमेटचा फोन. "काय व्हर्नाबाई, आमचं भूत पोचलं का?" मागे त्याची बायको ओपल भांडी आपटत होती. तासभर बोललो, कशावर ते आठवत नाही. दिवस बरा गेला.

१२ नोव्हेंबर

आज तो ओरडला. एमेट — माझ्यावर!

गिलने शाई झालेल्या पानांच्या झेरॉक्स त्याला धाडल्या होत्या. "रेषा कुणी पुसल्या? तुला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, अरे, तुझ्याच भल्यासाठी केलं, हात कापतोय तुझा. तर म्हणाला, "त्या हाताला किती कष्ट पडतात तुला काय ठाऊक? इस्त्री फिरवलीस तू त्यावर!" आणि फोन आपटला.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मीही चिडले. मला काय हौस होती?

१९ नोव्हेंबर

फोन नाही.

२३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. कोपऱ्यावरच्या दुकानातून टर्कीची एक तंगडी आणली. अर्धी मांजरीला दिली. दरवर्षी आजच्या दिवशी तो हटकून फोन करतो. मी न्हाणीघराचं दारसुद्धा उघडं ठेवलं होतं, घंटा ऐकू यावी म्हणून.

आपण करावा का? पण का म्हणून? आपटला त्याने.

११ डिसेंबर

थ्रम बंद होतोय. गिल म्हणाला, "खपत नाही गं. राग लोकांना घरीच फुकट मिळतो." शेवटच्या अंकाची पटकथाही दुलुथला गेली म्हणे. त्यात गोठलेल्या सरोवरावर थ्रम एकटा, मूठ आभाळाकडे, आणि तो कायमचा राक्षसच राहणार.

मला हे सहन होत नाही. पहिल्या अंकापासूनचा नियम आहे — तो पियानोचे सूर जुळवणारा साधा माणूस, राग अनावर झाला की त्याचा थ्रम होतो, आणि मूठ उघडली की तो परत माणसात येतो. कितीही गावं मोडू दे, शेवटी मूठ उघडायची. पोरं त्या एका चौकटीसाठी अंक घ्यायची. मीसुद्धा तिचीच वाट बघायचे. आता याला तिथे बर्फावर सोडून सगळे घरी जाणार.

एमेट नक्की भांडला असता. मला फोन करून भांडला असता.

२५ डिसेंबर

कुणाचाच फोन नाही.

१८ जानेवारी १९७९

शेवटची पानं आली. आणि थरथर नाही! एकही रेष हललेली नाही. थ्रमची पाठ, बर्फाच्या भेगा, सगळं ठाम हाताने ओढलेलं. एमेट बरा झाला तर! इतकं बरं वाटलं की टेबलाशी बसून रडले. मग राग आला. बरा झालास, मग एक फोन नाही करवत? आठ वर्षांचं सगळं एका भांडणात गेलं?

शेवटच्या चौकटीत मूठ उघडी आहे. पटकथेत मिटलेली, यात उघडी. बोटं सैल, तळहात वर.

गिलला सांगितलं. तो म्हणाला, "मिटून टाक. तुझ्याच हातात आहे, एमेटला कळणारही नाही."

२१ जानेवारी

मूठ मिटायचीच असेल तर त्याला विचारून. अभिमान गेला चुलीत. शेजारी फुटबॉलचा आरडाओरडा चालला होता, मी एका कानात बोट घालून दुलुथचा नंबर फिरवला.

ओपलने उचलला. एमेटला दे म्हटलं. ती म्हणाली, "एमेट नोव्हेंबरातच गेला. तुझ्याशी भांडला त्याच आठवड्यात. कुणाला कळवलं नाही, पानं दुसऱ्याकडे गेली असती."

पण पानं तर आत्ता आली, मी म्हटलं.

"दोन वर्षं मीच काढतेय. त्याचे हात आखडले, मुठी वळल्या त्या वळल्याच. तो शेजारी बसून सांगायचा, मी काढायची. तो बघत असला की माझा हात कापायचा. आता बघायला कोणी नाही."

मग तिने विचारलं, "शेवटची चौकट बघितलीस? तो गेला तेव्हा हात उघडला त्याचा. मी तसाच काढला. चूक असेल तर मिट."

२२ जानेवारी

थ्रमच्या हाताला शाई चढवली. उघडाच ठेवला. रविवारी ओपलला फोन करायचा.